जमीन थोरल्याची, कर्ज धाकट्यांचं : अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली वाटणी कशी करायची

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत, पत्रव्यवहारांत किंवा खटल्यांच्या कागदांत वारशाचा विषय आला की मराठी वाचक चक्रावतो. घरात मुली असताना वाडा दूरच्या चुलतभावाकडे का जातो? धाकटा भाऊ पाद्री किंवा लष्करात अधिकारी का होतो? विधवा आपल्याच घरातून दीडेक महिन्यात बाहेर का पडते? आपल्या डोक्यात मिताक्षरेचा हिशेब पक्का असतो. मुलगा जन्मला की वडिलार्जित मालमत्तेत त्याचा हिस्सा आला, आणि भाऊभाऊ सारखे. इंग्लंडमध्ये मुलाला जन्माने असा काही हक्क नव्हता. बाप मनात आणील तर आपल्या पूर्ण मालकीचं सगळं परक्याला लिहून देऊ शकत होता. आणि त्याने काहीच लिहिलं नाही, तर जमीन एका कायद्याने एकाकडे जाई आणि उरलेलं दुसऱ्या कायद्याने भलत्यांकडे.

हा गुंता सोडवायचा ठराविक क्रम आहे. तो चुकला की पुढचे सगळे आकडे चुकतात. म्हणून एक काल्पनिक घर घेऊन पायरी पायरीने जाऊ.

साल 1765. हॅम्पशर परगण्यातला एक मध्यम जमीनदार मृत्युपत्र न करता वारला. मागे बायको, दोन मुली आणि दोन मुलगे. सगळ्यांत मोठी मुलगी, तिच्या लग्नात बापाने 200 पौंड दिलेले. मग दोन मुलगे, मग धाकटी मुलगी. मालमत्ता अशी : वर्षाला 300 पौंड उत्पन्न देणारी शेतजमीन आणि तिच्यावरचं घर, पूर्ण मालकीचं, म्हणजे फ्रीहोल्ड. लंडनमध्ये भाडेपट्ट्याने घेतलेलं एक घर, पट्ट्याची किंमत 800 पौंड. सरकारी कर्जरोखे 1,500 पौंडांचे. घरसामान, जनावरं, कोठारातलं आणि शेतात उभं असलेलं धान्य मिळून 700 पौंड. देणं असं : जमीन गहाण ठेवून त्याने स्वतः काढलेले 900 पौंड, एका दस्तावर घेतलेले 240, दुकानदारांची उधारी 300, आणि अंत्यविधी व न्यायालयाचा खर्च 60.

पहिली पायरी : मृत्युपत्राआधी लग्नाचा करार शोधा

मृत्युपत्र आहे की नाही, हे बघायला सगळे आधी धावतात. पण मोठ्या घराण्यांत जमिनीचं भवितव्य मरणाच्या वेळी ठरत नसे, ते लग्नाच्या वेळी ठरून गेलेलं असे. या व्यवस्थेला स्ट्रिक्ट सेटलमेंट म्हणत. मुलाच्या लग्नाआधी वकील बसून लिहीत, की नवरा या जमिनीचा मालक फक्त हयातीपुरता. त्याच्यामागे ती त्याच्या पोटी यायच्या थोरल्या मुलाची. बायकोला वैधव्य आलं तर वर्षाला अमुक पौंड, याला जॉइंचर म्हणत. धाकट्या मुलामुलींना मिळून अमुक हजार रोख, ते पोर्शन. ही रोकड उभी करण्यासाठी विश्वस्तांच्या नावे जमिनीवर पाचशे किंवा हजार वर्षांचा पट्टा लिहून ठेवत, म्हणजे त्यांना तो गहाण टाकून पैसे काढता यावेत.

सतराव्या शतकाच्या मध्यावर, राजा आणि संसदेच्या युद्धात भल्याभल्यांच्या जमिनी जप्त होत होत्या, तेव्हा ऑरलँडो ब्रिजमनसारख्या वकिलांनी ही पद्धत घोटून पक्की केली. अजून जन्मालाही न आलेल्या मुलाचा हक्क बापाने मध्येच बुडवू नये म्हणून विश्वस्त नेमायचे, ही त्यातली खरी करामत. मात्र जमीन कायमची बांधता येत नव्हती. 1682 साली ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यात ही मर्यादा घालण्याची सुरुवात झाली. पुढे नियम असा ठरला, की हयात असलेल्या माणसांची आयुष्यं आणि त्यावर 21 वर्षं, इतकाच काळ मालमत्ता अडकवून ठेवता येते.

मग तीच जमीन पिढ्यानपिढ्या एका हातात कशी राहिली? थोरला 21 वर्षांचा झाला की बाप आणि मुलगा दोघं मिळून कॉमन रिकव्हरी नावाच्या लुटुपुटीच्या दाव्यातून बंधन मोडू शकत. त्या वेळी मुलाच्या खिशात दमडी नसे. बाप म्हणे, वर्षाला एवढा खर्च देतो, नव्या करारावर सही कर. मुलगा सही करी, आपणही हयातीपुरता मालक होई, आणि जमीन पुढच्या पिढीसाठी पुन्हा बांधली जाई.

असा करार सापडला तर त्यातल्या जमिनीपुरता आपला हिशेब तिथेच संपला. मेलेल्या माणसाने मृत्युपत्रात काहीही लिहिलं असो, हयातीपुरत्या मालकाला ती जमीन देण्याचा अधिकारच नव्हता. आपल्या घरात असा करार नाही असं धरू आणि पुढे जाऊ.

दुसरी पायरी : मालमत्तेचे दोन ढीग करा

माझ्या मते सगळ्यांत काळजीने करायचं काम हेच. एका ढिगात वारसाकडे जाणारी जमीन आणि तिला चिकटलेलं सगळं. दुसऱ्या ढिगात एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे जाणारं बाकी सगळं. आपली स्थावर-जंगम ही विभागणी इथे जवळपास चालते, पण पूर्ण नाही, आणि फसगत त्या उरलेल्या फरकातच होते.

लंडनचं भाड्याने घेतलेलं घर घ्या. विटा-चुन्याचं घर म्हणजे स्थावर, असं आपण म्हणू. इंग्रजी कायदा म्हणे, ठराविक वर्षांचा पट्टा, मग तो 999 वर्षांचा का असेना, जंगम ढिगात. हाच पट्टा कुणाच्या आयुष्यापुरता असेल तर मात्र तो फ्रीहोल्ड. दुसऱ्याची जमीन गहाण ठेवून घेऊन आपण पैसे दिले असतील तर तेही येणं, म्हणून जंगम.

शेतात उभा गहू कुणाचा? ज्याने पेरला त्याच्या कष्टाचं फळ, म्हणून जंगम ढिगात. झाडावरची सफरचंदं आणि न कापलेलं गवत मात्र जमिनीबरोबर वारसाकडे. सफरचंदं मरणाच्या आधी उतरवली असतील तर जंगम. गोठ्यातल्या गाई जंगम, पण खासगी रानातली हरणं, कबुतरखान्यातली कबुतरं आणि तळ्यातले मासे वारसाचे. जमिनीचे दस्त वारसाचे, आणि ते ज्या पेटीत ठेवलेत ती पेटीसुद्धा त्याचीच. भिंतीत पक्कं बसवलेलं सामान मुळात घराबरोबर जाई, पण शतकभरात न्यायालयं यात हळूहळू सैल होत गेली. वादाचे खटले याच वस्तूंवर जास्त दिसतात.

तिसरा एक प्रकार आहे, तो बाजूला काढून ठेवा. कॉपीहोल्ड, म्हणजे जहागिरीच्या दप्तरात नोंद असलेली जमीन. तिचा वारस त्या त्या जहागिरीच्या रिवाजाने ठरे. नवा धारक जहागिरीच्या कचेरीत हजर राहून नजराणा भरी, तेव्हा त्याचं नाव चढे. काही ठिकाणी मेलेल्याच्या गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर जहागिरदार घेऊन जाई. विधवेचा हक्कही रिवाजावर, कुठे तिसरा हिस्सा, कुठे अर्धा, कुठे सगळी जमीन. ही जमीन मृत्युपत्राने द्यायची तर हयातीतच कचेरीत जाऊन तशी सोडचिठ्ठी नोंदवून ठेवावी लागे. कॉपीहोल्डबद्दल सरसकट नियम सांगणाऱ्या कुठल्याही मजकुरावर विश्वास ठेवू नये.

आपल्या घराचे ढीग असे पडले : पहिल्यात 300 पौंड उत्पन्नाची जमीन. दुसऱ्यात 800, 1,500 आणि 700, एकूण 3,000 पौंड.

तिसरी पायरी : मृत्युपत्र असेल तर ते कुठल्या ढिगावर चालतं ते तपासा

एकाच कागदाला दोन वेगळ्या कसोट्या होत्या. जमिनीसाठी 1677 चा स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स : लेखी हवं, सही हवी, आणि किमान तीन विश्वासार्ह साक्षीदारांच्या सह्या हव्यात. जंगम मालमत्तेला साक्षीदार लागतच नसत. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद पुरे. त्यामुळे दोनच साक्षीदारांचं मृत्युपत्र रोकड वाटायला चाले आणि जमिनीपुरतं रद्दी ठरे. साक्षीदारालाच काही दिलेलं असेल तर काय, यावर बरीच वर्षं भांडणं झाली. मग 1752 च्या कायद्याने ठरवलं, की साक्ष ग्राह्य, पण त्या साक्षीदाराला लिहिलेली देणगी रद्द.

वयसुद्धा वेगळं. जमीन द्यायला 21 वर्षं पूर्ण हवीत, जंगम द्यायला मुलगा 14 चा आणि मुलगी 12 ची असली तरी पुरे. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करू शकत नसे. विश्वस्तांच्या नावे तिच्यासाठी वेगळी ठेवलेली मालमत्ता हा त्यातला मुख्य अपवाद.

मृत्युपत्राची तारीख आणि प्रत्येक जमिनीच्या खरेदीची तारीख शेजारी शेजारी मांडा. मृत्युपत्रानंतर विकत घेतलेली जमीन त्या मृत्युपत्रात येत नसे. 'माझी सगळी जमीन' असं लिहिलेलं असलं तरी नाही. ती सरळ कायदेशीर वारसाकडे. तारखा वाचताना आणखी एक गोष्ट जपा. 1751 पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. कागदावर फेब्रुवारी 1740 असेल तर तो आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1741.

थोरल्याला वारसा नाकारायचा तर त्याला निदान एक शिलिंग लिहून द्यावा लागतो, असा समज तेव्हाही होता. विल्यम ब्लॅकस्टोनने 1760 च्या दशकात कायद्याचं भाष्य लिहिताना तो निराधार म्हणून सांगितलं. तरीही मृत्युपत्रांत तो शिलिंग वारंवार भेटतो. बहुतेक वेळा तो रागाचा शिलिंग असतो, क्वचित आधीच भरपूर मिळालेल्या मुलाला 'तुला विसरलेलो नाही' हे सांगणारा.

चौथी पायरी : जमिनीचा वारस ठरवा

मृत्युपत्र नसेल तर जमीन कायदेशीर वारसाकडे. मुलगा मुलीच्या आधी, मग ती वयाने मोठी का असेना. मुलग्यांत फक्त थोरला. मुलगेच नसतील तर सगळ्या मुली मिळून, सारख्या. थोरला मुलगा बापाआधी वारला असेल तर त्याची मुलं त्याच्या जागी उभी राहतात. म्हणजे मेलेल्या थोरल्याची लहानगी मुलगीही हयात असलेल्या धाकट्या काकाच्या पुढे. ही गोष्ट 'पुरुषांनाच जमीन' असं समजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

काही नियम आज विक्षिप्त वाटतात. मुलगा निपुत्रिक वारला तर त्याची जमीन बापाकडे जात नसे, कारण जमीन वर चढत नाही असं मानत. चुलत्याकडे मात्र जाई. सावत्र भावाला तर काहीच नाही. दुसरा कुणी सख्खा नातलग नसेल तर जमीन सरकारजमा किंवा जहागिरदाराची, पण सावत्र भावाची नाही. हे दोन्ही नियम 1833 पर्यंत टिकले. लग्नाबाहेरच्या मुलाला कायद्याने कुणी बापच नव्हता, त्याला द्यायचं तर मृत्युपत्रातच. कॅथलिकांना 1700 च्या कायद्याने जमिनीचा वारसा बंद केला होता. जमीन जवळच्या प्रोटेस्टंट नातलगाने घ्यायची. ही अट 1778 मध्ये, राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्यांपुरती, उठली.

आणि जागा बघा. केंट परगण्यात गॅव्हलकाइंड हा रिवाज होता : सगळे मुलगे सारखे वाटेकरी. केंटमधली जमीन असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत हाच रिवाज धरायचा. काही जुन्या शहरांत आणि ससेक्समधल्या बऱ्याच जहागिरींत बरो इंग्लिश, म्हणजे सगळ्यांत धाकट्या मुलाला जमीन.

आपलं घर हॅम्पशरमधलं. जमीन सबंध थोरल्या मुलाची.

पाचवी पायरी : विधवेचा हक्क वेगळा काढा

लग्न टिकलं असताना नवऱ्याच्या पूर्ण मालकीत कधीही आलेल्या जमिनीपैकी एक तृतीयांश विधवेला हयातीपुरती. हा डॉवर. नवऱ्याने मध्यंतरी ती विकली असली तरी हा हक्क तिच्या मागे लागे, म्हणून जमीन घेणारा सावध माणूस विकणाऱ्याच्या बायकोलाही न्यायालयात उभी करून तिची संमती नोंदवून घेई. लग्नाआधी जॉइंचर ठरलं असेल तर डॉवर नाही. जमीन विश्वस्तांच्या नावावर असली तरी नाही. चतुर वकिलांनी याचा भरपूर फायदा उठवला. उलट बायकोची जमीन असेल आणि मूल जिवंत जन्मलं असेल, तर विधुराला तिची सगळी जमीन हयातीपुरती. एक तृतीयांश आणि सगळी, एवढा फरक.

डॉवर मोजून मिळेपर्यंत मुख्य घरात चाळीस दिवस राहण्याचा हक्क तिला मॅग्ना कार्टापासून होता. त्यानंतर वारस म्हणाला जा, तर जायचं. तिचे कपडे आणि तिच्या इतमामाला शोभतील एवढे दागिने तिचे राहत. नवरा ते मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकत नसे. सावकार मात्र दागिन्यांपर्यंत पोचू शके, गरजेच्या कपड्यांपर्यंत नाही.

आपल्या घरात जॉइंचर नाही. म्हणजे थोरल्याच्या 300 पौंडांतून आईला मरेपर्यंत वर्षाला 100 पौंडांची जमीन.

सहावी पायरी : योग्य चर्च न्यायालय गाठा

जंगम ढिगाला हात लावायचा तर चर्चच्या न्यायालयाचा कागद हवा. मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, नसेल तर प्रशासनपत्र. जमिनीशी या न्यायालयांचा काही संबंध नाही. तिचा वारस कुणाला न विचारता ताबा घेई, आणि कुणी हरकत घेतली तर राजाच्या न्यायालयात.

चर्चची न्यायालयं शेकडो. मालमत्ता एकाच भागात असेल तर तिथलं स्थानिक. पाच पौंडांहून जास्त माल दोन बिशपांच्या हद्दीत असेल तर आर्चबिशपचं, दक्षिणेत कँटरबरीचं, उत्तरेत यॉर्कचं. आपल्या माणसाचं सामान हॅम्पशरमध्ये आणि पट्टा लंडनमध्ये, म्हणजे कँटरबरी. हे न्यायालय बसे लंडनमध्ये, डॉक्टर्स कॉमन्समध्ये. शिवाय बँक ऑफ इंग्लंडमध्ये रोखे असणारे लोक मोठं न्यायालयच पसंत करत.

मृत्युपत्र नसताना प्रशासनपत्र 1529 च्या कायद्याप्रमाणे विधवेला, जवळच्या नातलगाला किंवा दोघांना. जामीन द्यायचा, शेजारच्या दोन-तीन भल्या माणसांकडून सामानाची यादी करून किंमत लावून घ्यायची. या याद्या वाचायला फार बहारीच्या. खोलीखोलीने लिहिलेलं पलंग, गाद्या, पितळेची भांडी, दारू गाळायची पिंपं. शतकाच्या उत्तरार्धात त्या मागण्याची पद्धत ओसरत गेली, त्यामुळे 1765 च्या माणसाची यादी न मिळाली तर नवल नाही.

सातवी पायरी : आधी देणी

देणी फेडण्याचा क्रम ठरलेला होता. आधी अंत्यविधी आणि न्यायालयाचा खर्च. मग राजाचं देणं, मग न्यायालयाच्या निकालांची देणी, मग शिक्कामोर्तब केलेल्या दस्तांची आणि भाड्याची, आणि सगळ्यात शेवटी शिंपी, खाटीक, मेणबत्तीवाला यांची साधी उधारी. एक्झिक्युटरने क्रम मोडून आधी शिंप्याला दिलं आणि दस्तवाल्याला कमी पडलं, तर ती भरपाई त्याच्या खिशातून.

आता या व्यवस्थेचा खरा अन्याय. ही सगळी देणी आधी जंगम ढिगातून फेडायची. साध्या उधारीसाठी वारसाच्या फ्रीहोल्ड जमिनीला कुणी हातच लावू शकत नसे. दस्तात 'माझे वारस' असा स्पष्ट शब्द असेल तरच दस्तवाला जमिनीपर्यंत पोचे. शिंपी बुडे आणि वारस शेतावर निवांत राही. व्यापाऱ्यांच्या जमिनीपुरतं हे 1807 मध्ये बदललं, सगळ्यांसाठी 1833 मध्ये.

त्याहून वाईट गहाणाचं. मेलेल्याने स्वतः काढलेलं कर्ज असेल, तर ते जमीन गहाण ठेवून काढलेलं असलं तरी वारस चान्सरीत, म्हणजे काटेकोर कायद्यापेक्षा न्यायबुद्धीने निकाल देणाऱ्या न्यायालयात, जाऊन म्हणू शके, हे जंगम पैशातून फेडा आणि माझी जमीन मोकळी करून द्या. न्यायालय त्याचं म्हणणं मान्य करी. कर्ज बापाच्याही आधीच्या पिढीचं असेल तर मात्र ते जमिनीनेच सोसायचं. हा नियम 1854 पर्यंत टिकला.

आपल्या घरात आकडे घालून बघू. 3,000 मधून 60, 900, 240 आणि 300 गेले. उरले 1,500. जमिनीवरचे 900 जमिनीनेच फेडले असते तर उरले असते 2,400. हा फरक भरला कुणी, ते पुढच्या पायरीत दिसेल.

मृत्युपत्र करणारा शहाणा असेल तर यावर उपाय होता. 'प्रथम माझी सर्व देणी फेडली जावीत' अशी ओळ सुरुवातीला दिसते, ती निव्वळ भाविकपणाची समजून पुढे जाऊ नका. अशा ओळीवरून चान्सरी न्यायालय देण्यांचा भार जमिनीवरही पडतो असा अर्थ काढत असे.

आठवी पायरी : उरलेल्याची वाटणी

इथे लागू होतो 1670 चा वाटणीचा कायदा. बायको आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, बाकी दोन तृतीयांश मुलांत सारखं. इथे मुलगा-मुलगी भेद नाही, थोरला-धाकटा नाही, सावत्र-सख्खा नाही. मुलं नसतील तर बायकोला अर्धं, अर्धं जवळच्या नातलगांना. बायको नसेल तर सगळं मुलांचं. दोन्ही नसतील आणि बाप असेल तर सगळं बापाचं. तोच बाप जमिनीच्या बाबतीत मात्र वगळलेला. बायको वारली तर नवऱ्याला तिचं सगळं जंगम, वाटणी नाहीच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा एक तृतीयांश-दोन तृतीयांश ओळखीचा वाटेल. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या विधवेला आणि मुलांना आजही हेच हिस्से मिळतात, आणि तिथे जमीन-जंगम भेद उरलेला नाही. गोव्याचं वेगळं, तिथे पोर्तुगीज परंपरेचा कायदा.

आपला हिशेब : 1,500 चा तिसरा हिस्सा 500, आईचा. राहिले 1,000, मुलं चार. पण मोठ्या मुलीला लग्नात 200 आधीच मिळालेत. ते कागदावर परत ढिगात घालायचे, ही हॉचपॉटची पद्धत. झाले 1,200, प्रत्येकी 300. मोठ्या मुलीला आणखी 100, बाकी तिघांना 300-300. या कागदी भरीचा फायदा फक्त मुलांत वाटायचा, आईचा हिस्सा त्याने वाढत नाही. आणि थोरल्याला सगळी जमीन मिळाली, ती हॉचपॉटमध्ये घालायची का? नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. जमिनीचा मालक झालेला थोरला जंगमातही आपले 300 घेऊन जातो.

गहाण जमिनीने फेडलं असतं तर आईला 800 मिळाले असते, मुलांसाठी 1,600 आणि वरचे 200, म्हणजे प्रत्येकी 450. थोरल्याची जमीन मोकळी करण्यासाठी आईने 300 आणि तीन भावंडांनी प्रत्येकी 150 भरले. थोरल्याच्या वाट्याचेही 150 कमी झाले, पण त्याची 900 पौंडांची जमीन सुटली. निव्वळ फायदा 750.

लंडनच्या नागरिकाचं घर असेल तर वेगळा जुना रिवाज बघावा लागे : एक तृतीयांश विधवेचा, एक मुलांचा, आणि एकच मेलेल्याच्या इच्छेचा. यॉर्कच्या प्रांतात आणि वेल्समध्येही असाच. 1692 पासून तो मृत्युपत्रांपुरता टप्प्याटप्प्याने मोडला, लंडनमध्ये 1724 च्या कायद्याने. म्हणजे बायको-मुलांना वगळून सगळं लिहून देण्याचं पूर्ण स्वातंत्र्य इंग्लंडभर आलं, ते अठराव्या शतकाच्या पहिल्या पावात.

घाईने वाटप करू नये. कायद्यानेच मृत्यूनंतर एक वर्ष वाटणी करायची सक्ती नव्हती, घेणेकरी पुढे यायला वेळ मिळावा म्हणून. पैसे दिले की पावती घ्यावी. 1796 नंतर तर देणग्यांवर नात्याप्रमाणे कर लागला, जितकं नातं दूर तितका जास्त. बायको, मुलं आणि आईबाप सुरुवातीला त्यातून सुटलेले.

नववी पायरी : मुलीच मुली असतील तर

मुलगा नसेल तर जमीन सगळ्या बहिणींची मिळून. ती विभागण्याच्या चार रीती ब्लॅकस्टोनने सांगितल्यात, आणि त्या आपल्या गावच्या पंचांनाही पटाव्यात अशा आहेत. आपसांत ठरवून सारखे भाग करावेत. किंवा एखाद्या स्नेह्याने भाग पाडावेत आणि बहिणींनी वयाच्या क्रमाने निवडावेत. थोरलीनेच भाग पाडले तर तिने सगळ्यात शेवटी निवडायचं. किंवा चिठ्ठ्या टाकाव्यात. यातलं काही जमलं नाही तर न्यायालय. मुख्य वाड्याचे तुकडे पाडत नसत. थोरलीने इच्छा असेल तर तो घ्यावा आणि बाकीच्यांना मोबदला द्यावा.

मुलं अज्ञान असतील तर पालक कोण, हेही बघावं. 1660 च्या कायद्याने बापाला मृत्युपत्रात पालक नेमता येई. नेमला नसेल तर जमीन मिळालेल्या मुलाचा पालक चौदाव्या वर्षापर्यंत असा नातलग, ज्याच्याकडे ती जमीन वारशाने कधीच जाऊ शकत नाही. बापाकडून आलेली जमीन असेल तर काका नको, आई किंवा मामा. कोकराला लांडग्याच्या ताब्यात द्यायचं नाही, असं जुने इंग्रज कायदेपंडित यावर म्हणत.

दोन नमुने तपासायला

वरच्या पायऱ्या नीट बसल्या की नाही, हे 1798 च्या विल्यम जेनन्सवर पडताळून पाहावं. सफकमधल्या ॲक्टनचा हा अविवाहित म्हातारा, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाणारा, मृत्युपत्र न करता वारला. जमीन कर्झन घराण्यातल्या कायदेशीर वारसाकडे गेली आणि जंगम मालमत्ता दोन वेगळ्या नातलगांकडे. पुढे कित्येक दशकं त्या नावाचे लोक दावे लावत राहिले.

दुसरा पीटर थेलसन, लंडनचा सावकार, 1797 मध्ये वारला. त्याने बायको-मुलांना तुलनेने थोडं देऊन सुमारे सहा लाख पौंड विश्वस्तांकडे ठेवले, आणि हयात मुलं-नातू आहेत तोवर त्यांचं व्याज साठतच राहावं असं लिहिलं. ते नियमात बसत होतं, म्हणून न्यायालयांना ते मान्य करावं लागलं. संसदेने 1800 मध्ये असं साठवणं 21 वर्षांवर आणलं. तरी त्या घरापुरता वाद 1859 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये संपला, आणि तोवर खर्च आणि कारभारात साठवलेलं बरंच विरून गेलं होतं.

कागद कुठे सापडतात

कँटरबरीच्या न्यायालयातली मृत्युपत्रं आज लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात. यॉर्कची तिथल्या बॉर्थविक संस्थेत, स्थानिक न्यायालयांची परगण्यांच्या दप्तरखान्यांत. 1858 च्या जानेवारीत चर्चचा हा अधिकार संपला, त्यानंतरचं सगळं एका राष्ट्रीय नोंदवहीत. मुंबईत वारलेल्या इंग्रजांसाठी 1726 च्या सनदेने स्थापलेल्या मेयर्स कोर्टाला प्रोबेट देण्याचा अधिकार होता. त्या मृत्युपत्रांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात बघाव्यात. त्याच माणसाची मालमत्ता इंग्लंडातही असेल तर क्यूमध्ये त्याचं दुसरं प्रोबेट असू शकतं.

मृत्युपत्र सापडलं आणि त्यात थोरल्याचं नावच नसलं, तर लगेच बापलेकांच्या भांडणाचा निष्कर्ष काढू नका. आधी लग्नाचा करार आणि जहागिरीचं दप्तर धुंडाळा. त्याची जमीन बहुतेक तिथे नोंदलेली असते.